द्वाड मुलांचा इतिहास

एका जागी न बसणारे, हातातील काम अर्ध्यावर टाकून दुसरीकडे धावणारे, प्रश्न पुरा होण्यापूर्वीच उत्तर देणारे मूल प्रत्येक शाळेत असते. त्याच्यासाठी आपल्या भाषेत शब्दांची वाण नाही: द्वाड, व्रात्य, वांड, धांदरट. हे सारेच शब्द मुलाच्या स्वभावावर ठपका ठेवतात. अशांपैकी काही मुलांच्या अवस्थेला आज वैद्यकशास्त्र अवधान-न्यूनता व अतिचंचलता विकार म्हणते. इंग्रजी आद्याक्षरांनी तो एडीएचडी या नावाने ओळखला जातो. श्रोतेहो, ठपक्यापासून निदानापर्यंतचा हा प्रवास अडीचशे वर्षांचा आहे.

इ. स. १७७५ च्या सुमारास मेल्खिओर आदाम वायकार्ट या जर्मन वैद्याने अवधानाच्या उणिवेवर लिहिले. दोष त्याने मुख्यतः संगोपनाला दिला, आणि अंधारात एकांतवास, थंड पाण्याने स्नान, घोड्यावरून रपेट असे उपाय सुचविले. १७९८ मध्ये अलेक्झांडर क्रायटन या स्कॉटिश डॉक्टराने एक पाऊल पुढे टाकले. ही चंचलता काहींच्या ठायी जन्मजात असते व बहुधा वयाबरोबर ओसरते, असे त्याने नोंदविले. काही मुलांचे लक्ष लॅटिन-ग्रीक व्याकरणाकडे छडीच्या धाकानेही लागत नाही आणि गोंजारूनही लागत नाही, हे शिक्षकांच्या नित्य अनुभवाचे सत्यही त्याने लिहून ठेवले. पण त्याचा ग्रंथ विस्मृतीत गेला आणि छडी मात्र राहिली.

लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये १९०२ साली बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी तीन व्याख्याने दिली. बुद्धीने सामान्य, पण क्षणात भडकणारी, लक्ष न टिकणारी मुले त्यांनी वर्णिली. त्यांनी योजलेला ‘नैतिक संयमाचा दोष’ हा शब्दप्रयोग आज कानाला कठोर लागतो. तथापि चांगल्या घरांत, काळजीपूर्वक वाढविलेली मुलेही अशी असतात, हे त्यांनी स्पष्ट केले. केवळ आईबापांच्या माथी दोष मारण्याच्या वृत्तीला त्यामुळे धक्का बसला.

यापुढची घटना विलक्षण आहे. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात चार्ल्स ब्रॅडली हे डॉक्टर वर्तन-समस्या असलेल्या मुलांचे रुग्णालय चालवीत. मेंदूच्या क्ष-किरण तपासणीनंतर मुलांची डोकी दुखत, म्हणून त्यांनी बेंझेड्रिन हे उत्तेजक औषध देऊन पाहिले. डोकेदुखी फारशी थांबली नाही. पण वर्गात काही मुले एकाएकी शांतपणे अभ्यास करू लागली. १९३७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालानुसार ३० मुलांपैकी १४ मुलांच्या अभ्यासात लक्षणीय सुधारणा झाली. मुले त्या गोळ्यांना ‘गणिताच्या गोळ्या’ म्हणत. तीच मुले, तेच शिक्षक, तीच पुस्तके. मग आळस हेच जर कारण असेल, तर तो एका गोळीने कसा जावा?

तरीही दीर्घकाळ सर्वांची दृष्टी धावपळीवरच खिळली होती. १९६८ च्या अमेरिकन मनोविकार-सूचीत या अवस्थेला अतिचंचलतेवरूनच नाव मिळाले. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ व्हर्जिनिया डग्लस यांनी १९७२ मध्ये दाखविले, की मुळात अडचण आहे ती लक्ष टिकविण्याची आणि ऊर्मी आवरण्याची. १९८० मध्ये नावात ‘अवधान’ आले व १९८७ मध्ये आजचे नाव रूढ झाले. या बदलाचा एक मोठा लाभ असा, की गडबड न करता खिडकीबाहेर पाहत बसणारी मुलगीही डॉक्टरांच्या दृष्टीस पडू लागली. तिला तोवर ‘मंद’ म्हणून सोडून दिले जाई.

अर्थात प्रत्येक खोडकर मूल रुग्ण नव्हे. लक्षणे बाराव्या वर्षाआधी दिसावी लागतात, निदान सहा महिने टिकावी लागतात, आणि शाळेत व घरी अशी दोन्हीकडे आढळावी लागतात. निदान तज्ज्ञानेच करावयाचे असते. औषध लागल्यास तेही त्यांच्याच देखरेखीखाली. पण काही गोष्टी आपल्या हातच्या आहेत. मुलाला पुढच्या बाकावर बसवावे, एका वेळी एकच सूचना द्यावी, लांब गणिताचे लहान तुकडे करावेत, मधून फळा पुसावयास उठवावे, आणि जे साधले त्याची शाबासकी तिथल्या तिथे द्यावी. यासाठी खर्च काहीच नाही. ‘हा मुद्दाम करतो’ हे वाक्य उच्चारण्यापूर्वी क्षणभर थांबणे, एवढेच काय ते आपल्याला शिकावयाचे आहे.