कंदुरी

पाटोद्याकडं ‘कंदुरीला या’ असं आवतण आलं, की पिराचा नवस फिटतोय हे समजावं. बोकड मुलाण्याच्या हातून हलाल होतो, नैवेद्य दर्ग्यावर जातो आणि रस्स्यात बाजरीची भाकरी कुस्करत हिंदू-मुसलमान एका पंगतीला बसतात. शब्द मूळचा फारसी. ‘कंदूरी’ म्हणजे जेवताना अंथरायचं कापड, दस्तरखान. त्यावरून नवसाचं जेवण. बोकडाचा त्या नावात मागमूसही नाही.

इसवी सन 55च्या सुमारास करिंथच्या ख्रिस्ती मंडळीला लिहिताना प्रेषित पौलापुढंही अशाच पंगतीचा पेच होता: दुसऱ्यांच्या देवापुढं बळी दिलेल्याचं मांस खावं की नाही. बाजारातलं मांस चौकशी न करता खुशाल खा. पण मूर्तीपुढच्या बळीच्या पंगतीत बसू नका, असं त्याचं सांगणं. ज्याच्या मेजावर जेवावं, त्याच्याशी नातं जडतं. कंदुरीला बोलावणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं.