'नुसते एमबीबीएस' म्हणजे काय हो?

मंडळी, आपल्या पालममध्ये डॉक्टरचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला : "एमडी आहेत का नुसते एमबीबीएस?" हा 'नुसते' शब्द आला कुठून? त्याला ऐंशी वर्षांचा इतिहास आहे.

1946 साली भोर समितीचा अहवाल आला. तेव्हा देशात नोंदणी झालेले सुमारे 47 हजार डॉक्टर होते. त्यातले जवळपास 30 हजार पदवीधर नव्हते. कमी मुदतीचा कोर्स करून त्यांना परवाना मिळालेला असायचा. मुंबई इलाख्यात अशा डॉक्टरांना एलसीपीएस म्हणायचे. बाळंतपण, ताप, मोडलेलं हाड, सगळं एकच माणूस बघायचा.

समितीनं सांगितलं, हे कोर्स बंद करा. शहराला एक आणि खेड्याला दुय्यम डॉक्टर नको, सगळ्यांना पूर्ण शिकलेला 'बेसिक डॉक्टर' द्या. त्यानं आजार बरा करावाच, पण होण्याआधी अडवावासुद्धा. हेतू चांगला होता. काही सदस्यांनी मात्र विरोध नोंदवला. डॉक्टरांची एवढी टंचाई असताना हे कोर्स बंद करू नका, असं त्यांचं म्हणणं. पुण्याच्या बी. जे. मेडिकल स्कूलचं कॉलेज झालं तेही 1946 सालीच.

आपण तेव्हा निजामाच्या राज्यात. तिथं हैदराबादला 1846 साली उर्दूतून डॉक्टरकी शिकवायला सुरुवात झाली होती. 17 सप्टेंबर 1948 ला मराठवाडा मुक्त झाला आणि 1956 ला औरंगाबादला मेडिकल कॉलेज निघालं. 1974 ला अंबाजोगाईला निघालं, तेही खास ग्रामीण म्हणून. डॉक्टर वाढले. पण ज्या एमबीबीएसवर भोर समितीची भिस्त होती, ती पदवी पीजीच्या वाटेवरची एक पायरी होऊन बसली. पायरीवर कोण थांबणार?

थांबलेला माणूस काय करू शकतो ते बघा. जालना जिल्ह्यातल्या देहेडचे डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 च्या सुमारास महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. लाल विंचू चावलेली माणसं डोळ्यांदेखत दगावायची. ते उशाशी बसून राहिले, दर तासाला काय बदलतं ते लिहीत गेले. 1982 साली त्यांची निरीक्षणं 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. पुढं ते एमडी झाले आणि परत महाडलाच गेले. ब्लडप्रेशरची प्राझोसिन ही गोळी त्यांनी विंचूदंशावर वापरली आणि मृत्यूचं प्रमाण शंभरात एकाच्या आसपास आलं. या सगळ्याची सुरुवात एका 'नुसत्या' एमबीबीएसनं केली होती.

स्पेशालिस्ट लागतातच. हार्ट अटॅक आला तर हृदयवालाच पाहिजे. पण छातीतली कळ पित्ताची आहे का हृदयाची, रात्रीच नांदेड गाठायचं का सकाळपर्यंत थांबलं तरी चालेल, हे आधी कोण सांगणार? आज ते पेशंटच ठरवतो. चक्कर आली की मेंदूवाला, गुडघा दुखला की हाडवाला. गाडीभाडं, तपासण्या, बुडालेला रोज, आणि शेवटी कळतं की रक्त कमी होतं. इंग्लंडसारख्या श्रीमंत देशातसुद्धा 1948 पासून माणूस आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडं जातो, आणि त्याच्या चिठ्ठीवर स्पेशालिस्टकडं. ज्याला घरातली शुगर, बीपी, कोण दारू पितं, कोण उपाशी राहतं हे ठाऊक असतं, त्याचं निदान स्वस्तात होतं आणि बहुतेक वेळा बरोबर निघतं.

2023 पासून परभणीत सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालंय. तिथं किती स्पेशालिस्ट येणार, हे सगळे विचारतात. आपण पालमकरांनी दुसरी मागणी लावून धरावी : फॅमिली मेडिसिनमध्ये एमडी करायची सोय तिथं करा आणि असे डॉक्टर तालुक्याच्या दवाखान्यात कायमचे नेमा. पगार आणि मान स्पेशालिस्टच्या बरोबरीचा द्या. नाहीतर 'नुसते' हा शब्द काही जायचा नाही, अन् त्याची किंमत आपणच गाडीभाड्यात मोजत राहू.

तुमच्या गावात पूर्वी असा सगळं बघणारा डॉक्टर होता का? कमेंटमध्ये लिहा.