पंधरा वर्षांची अट : सोलापूर, पक्ष आणि ‘बाहेरचा माणूस’

‘पक्षीय राजकारण आणि स्थलांतराचं धोरण’ असा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर अमेरिका येते, व्हिसा येतो, सीमेवरच्या भिंती येतात. आम्ही मात्र आज सोलापुरापासून सुरुवात करणार आहोत. कारण हे शहरच मुळी स्थलांतरानं उभं केलेलं आहे.

1877 साली इथे सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी निघाली. तीच आपली जुनी मिल. 1876 ते 78 हा मोठ्या दुष्काळाचा काळ. पुढच्या काही दशकांत निजामाच्या मुलखातून, तेलंगणातून पद्मशाली विणकर कुटुंबं इथे येत राहिली. पुरुष मागावर बसले, बायका विड्या वळू लागल्या. कन्नड बोलणारे लिंगायत, उर्दू बोलणारे मोमीन, मारवाडी व्यापारी, आसपासच्या खेड्यांतले मराठी शेतमजूर, सगळे एकाच भोंग्यावर उठू लागले. 12 जानेवारी 1931 रोजी फाशी गेलेले आपले चार हुतात्मे आठवा : मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे. ही चार नावं वाचली तरी या शहराची खानेसुमारी होते.

आता प्रश्न असा, की ‘तू इथला की बाहेरचा’ हे विचारायला सुरुवात कुठून झाली? गिरणीच्या दारात नव्हे, तर सरकारी नोकरीच्या दारात. 1919 साली हैदराबाद संस्थानात मुल्की नियम झाले. संस्थानात जन्मलेला, किंवा किमान 15 वर्षं तिथे राहिलेला, तो मुल्की; बाकीचे गैरमुल्की. हा 15 चा आकडा लक्षात ठेवा, तो पुन्हा येणार आहे.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेनं हे चित्र बदललं. कलम 19 नुसार भारतीय नागरिक देशात कुठेही जाऊ शकतो, राहू शकतो. कलम 16 नुसार केवळ जन्मस्थान किंवा रहिवास पाहून सरकारी नोकरी नाकारता येत नाही. रहिवासाची अट घालायची तर तो कायदा फक्त संसदच करू शकते. म्हणजे राज्याला आपलं दार बंद करता येत नाही. मग पक्ष काय करतात? नोकरीचा उंबरठा उंच करण्याचं आश्वासन देतात. आपल्याकडचं स्थलांतराचं धोरण हे असं, उंबरठ्याचं धोरण आहे.

मुंबईत हे कसं घडलं बघा. 1960 पासून ‘मार्मिक’ साप्ताहिक निघत होतं. त्यात कंपन्यांमधल्या दाक्षिणात्य अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापून येऊ लागल्या. 19 जून 1966 ला शिवसेना स्थापन झाली. 1967 च्या लोकसभा निवडणुकीत तिनं कृष्ण मेनन यांच्याविरुद्ध प्रचार केला आणि मेनन काँग्रेसच्या बर्व्यांकडून हरले. 1968 साली मुंबई महापालिकेत 140 पैकी 42 जागा शिवसेनेनं जिंकल्या. यानंतर राज्यातल्या काँग्रेस सरकारनंच उद्योगांना स्थानिकांना प्राधान्य देण्याच्या सूचना केल्या. मागणी एका पक्षाची, अंमल दुसऱ्याचा!

2008 साली हेच पुन्हा झालं. मनसेची आंदोलनं पेटली होती, सत्तेवर काँग्रेस-राष्ट्रवादीचं सरकार होतं. त्या वर्षी निघालेल्या शासन निर्णयात स्थानिकांसाठी 80 टक्के आणि पर्यवेक्षक श्रेणीत 50 टक्के जागांची अट होती. स्थानिक कोण? महाराष्ट्रात किमान 15 वर्षं राहिलेला.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असं नाही. ब्रिटनमध्ये 1962 साली हुजूर पक्षाच्या सरकारनं राष्ट्रकुलातून येणाऱ्यांवर निर्बंध आणले, तेव्हा मजूर पक्षानं कडाडून विरोध केला. 1964 साली मजूर पक्ष सत्तेवर आला खरा, पण स्मेथिकची जागा याच प्रश्नावर गमावून. मग 1965 मध्ये त्यानंच निर्बंध वाढवले, आणि 1968 मध्ये केनियातून येणाऱ्या भारतीय वंशाच्या लोकांना अडवणारा कायदाही त्यानंच केला. विरोधात असतानाची भूमिका एक, आणि एक जागा गेल्यानंतरची दुसरी.

मग सोलापुरात ‘तेलुगू हटाव’चं राजकारण का फोफावलं नाही? इथले लोक जास्त उदार होते, असं म्हणून मोकळं होता येणार नाही. आम्हाला दोन कारणं दिसतात. पहिलं, भांडण कशासाठी होतं? मुंबईत ते कारकुनाच्या, टंकलेखकाच्या खुर्चीसाठी होतं. शिकलेल्या मराठी मुलाला तीच खुर्ची हवी होती. मागावर बसायला आणि विड्या वळायला तशी स्पर्धा नव्हती. दुसरं कारण मतांचं. विणकर समाज शहराच्या पूर्व भागात एकगठ्ठा राहिला आणि मतदार झाला. मग त्याला बाहेरचा म्हणणं कुठल्याच पक्षाला परवडेना. काँग्रेसनं गंगाधर कुचन आणि धर्मण्णा सादूल यांना लोकसभेत पाठवलं, 1996 साली भाजपचे लिंगराज वल्याळ खासदार झाले, माकपचे नरसय्या आडम मास्तर विधानसभेत गेले. पक्ष एकमेकांचे विरोधक, पण दार सगळ्यांनी एकाच वस्तीचं ठोठावलं. विडी कामगारांसाठी 2006 साली गोदूताई परुळेकर वसाहतीत 10,000 घरं झाली, जानेवारी 2024 मध्ये रे नगरच्या 15,000 घरांचं लोकार्पण पंतप्रधानांनी केलं. त्यामागे कामगारांचा लढा आहेच, पण त्या लढ्याला मताचं वजन होतं.

ज्याच्याकडे मत नाही, त्याचं काय? हंगामी ऊसतोड मजूर घ्या, बांधकामावरचा परप्रांतीय मजूर घ्या. त्यांचं नाव मतदार यादीत गावाकडे, आणि घाम इथे. त्यांच्याबद्दल बोलायला सगळे पक्ष तयार असतात, त्यांच्याशी बोलायला कमी.

आणि आता फासा उलटा पडतोय. गिरण्या बंद पडल्या, आपली मुलं पुण्याला, हैदराबादला, बंगळुरूला चाललीत. हरियाणात एका पक्षाच्या निवडणूक आश्वासनातून खासगी नोकऱ्यांत 75 टक्के स्थानिकांचा कायदा झाला; 2023 मध्ये उच्च न्यायालयानं तो रद्द केला. जुलै 2024 मध्ये कर्नाटकच्या मंत्रिमंडळानं असंच विधेयक मंजूर केलं आणि दोनच दिवसांत उद्योगांच्या दबावामुळे थांबवलं. त्यात स्थानिकाची व्याख्या काय होती? कर्नाटकात जन्म, कन्नडचं ज्ञान, आणि 15 वर्षं वास्तव्य.

हैदराबाद 1919, महाराष्ट्र 2008, कर्नाटक 2024. सोलापूरच्या एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला दुसरं, आणि तिसऱ्यात आपण स्वतः. तिन्हीकडे आकडा तोच. आपल्या राज्यात 80 टक्क्यांच्या घोषणेला टाळ्या वाजवताना, बंगळुरूत पहिल्या नोकरीला लागलेल्या सोलापूरच्या मुलीला अजून पंधरा वर्षं व्हायचीत, एवढं आपण लक्षात ठेवलेलं बरं.

आता प्रश्नोत्तरांकडे वळू या.