दुचाकीला रंग द्यायचाय? एनसी, पीयू की पावडर कोटिंग. कुठल्या भागाला काय टिकतं, वाचा सविस्तर

गावाकडची मोटारसायकल म्हणजे नुसती बसायची गाडी नाही. दुधाचे कॅन, खताची गोणी, फवारणीचा पंप, वैरणीचा भारा, सगळं तिच्यावरच. त्यामुळं शहरातल्या गाडीपेक्षा इथल्या गाडीचा रंग लवकर जातो. कॅन घासून मागची बाजू उघडी पडते, युरियाचं पाणी मिठासारखं पत्र्याला खातं, मडगार्डच्या आत चिखल साचून गंज धरतो. मग हजारो रुपये घालून रंग दिला जातो आणि एका पावसाळ्यात पोपडे निघतात. बहुतेक वेळा चूक रंगाच्या कंपनीची नसते. चुकीच्या जागी चुकीचा रंग लावलेला असतो किंवा खालचं काम कच्चं राहिलेलं असतं.

बाजारात मिळणारे प्रकार

एनसी रंग (लॅकर) : स्वस्त, काही मिनिटांत वाळतो, म्हणून छोटी गॅरेजं हाच वापरतात. पण पेट्रोल सांडलं की विरघळतो, उन्हानं फिका पडतो. टाकीच्या झाकणाभोवतीचा रंग आधी जातो तो यामुळंच.

स्प्रेचा डबा : दुकानात मिळणारा साधा डबा ओरखडे झाकायला ठीक. तोही पेट्रोलपुढं टिकत नाही. सगळी गाडी त्यानं रंगवणं म्हणजे पैसे वाया.

पीयू रंग : यात रंग किंवा क्लिअर आणि हार्डनर असे दोन भाग असतात. दोन्ही मिसळल्यावर रासायनिक क्रिया होऊन थर कडक होतो. पेट्रोल, ऊन, पाणी, खत यांना हाच चांगला तोंड देतो. टाकी, साइड पॅनल, मडगार्ड यांच्यासाठी हा घ्यावा.

पावडर कोटिंग : कोरडी पावडर विजेच्या भारानं लोखंडाला चिकटवून साधारण 180 ते 200 अंशांच्या भट्टीत भाजतात. थर जाड आणि चिवट होतो. चेसी, स्टँड, कॅरिअर, लेगगार्ड यांना उत्तम. मात्र प्लॅस्टिक, रबर, बेअरिंग, वायरिंग भट्टीत चालत नाही. भाग पूर्ण सुटा करावा लागतो. साधी पुट्टीही त्या उष्णतेत टिकत नाही. त्यामुळं इंजिन उतरवायचं मोठं काम निघालं असेल तेव्हाच चेसीचं कोटिंग उरकणं परवडतं.

सायलेन्सरचा रंग : इथं पीयू जळतो. उष्णता सोसणारा वेगळा सिलिकॉनचा रंग मिळतो, तोच लावावा.

सिरॅमिक कोटिंगबद्दल गैरसमज

सिरॅमिक कोटिंग हा रंग नव्हे. चांगल्या रंगावर बसणारा तो पातळ थर आहे. चकाकी राहते, चिखल लवकर निघतो, पण आतला गंज थांबत नाही. रंगच खराब असेल तर त्यावर खर्च करू नये. गंजावरच डांबरी अंडरकोटिंग मारणंही घातक. ओल आत कोंडते आणि पत्रा आतून सडतो. काही जण चेसीला जळकं ऑइल चोपडतात. त्यावर धूळ बसते, रबर फुगतं, आणि ते ब्रेकवर गेलं तर जिवाशी खेळ.

खरं टिकणं खालच्या थरात

1. गंज पूर्ण काढा. 80 नंबरच्या पॉलिश पेपरनं घासून चकचकीत लोखंड दिसलं पाहिजे, मग बारीक पेपर. गंज राहिला तर वर कितीही भारी रंग मारा, तो फुगणारच.
2. तेल-ग्रीस पुसून त्याच दिवशी प्रायमर मारा. उघड्या लोखंडाला रात्रीच्या दवानंही गंज चढतो. रेड ऑक्साइडपेक्षा दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर पकड चांगली धरतो.
3. प्लॅस्टिकच्या भागाला प्लॅस्टिकचा वेगळा प्रायमर लागतो, नाहीतर रंग सालीसारखा निघतो.
4. जुना रंग कोणता ते तपासा. कापडाला थिनर लावून लपलेल्या जागी घासा. रंग कापडावर आला तर तो एनसी समजावा. त्यावर थेट पीयू मारला तर सुरकुत्या पडू शकतात. जुना रंग काढलेला बरा.
5. हार्डनरचं प्रमाण डब्यावर लिहिलेलं असतं, तेच पाळावं. एका कंपनीचं क्लिअर आणि दुसरीचा हार्डनर मिसळू नये.

भर पावसात, दमट हवेत रंगकाम टाळावं. एनसी रंग तर पांढुरका पडतो. पीयू वरून लवकर वाळलेला दिसला तरी पूर्ण कडक व्हायला आठवडाभर लागतो. तोवर पेट्रोल सांडू देऊ नये, गाडीवर कॅन लादू नये.

जीव आधी, रंग नंतर

पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. फवारा श्वासातून गेला की कायमचा दमा जडू शकतो. तोंडाला रुमाल किंवा साधा मास्क पुरत नाही. कार्बनची डबी असलेला मास्क, चष्मा आणि हातमोजे लागतात. घरात, गोठ्यात, चुलीजवळ फवारणी करू नये. पेट्रोलची टाकी रिकामी दिसली तरी आत वाफ असते. ती न घालवता वेल्डिंग, ग्राइंडर किंवा आच लावली तर स्फोट होतो.

आरसी बुक आणि चेसी नंबर

आरसीवर गाडीच्या रंगाची नोंद असते. रंग बदलायचा असेल तर काम सुरू करण्याआधी आरटीओत चौकशी करून नोंद करून घ्यावी. मूळ रंगच परत द्यायचा असेल तर हा प्रश्न येत नाही. दुसरं म्हणजे चेसी नंबर. त्यावर पावडरचा जाड थर बसला की अक्षरं बुजतात आणि गाडी विकताना किंवा विम्याच्या तपासणीत अडचण होते. नंबरवर उष्णता सोसणारी टेप लावायला सांगावं, आणि आधी त्याचा फोटो काढून ठेवावा.

गॅरेजवाल्याला विचारायचे प्रश्न

- रंग एनसी की पीयू? डबा आणि हार्डनर समोर उघडणार का?
- प्रायमर कोणता, किती हात?
- क्लिअरचे किती हात? दोन तरी हवेत.
- भाग सुटे करून रंगवणार की गाडीवरच टेप लावून?

याची उत्तरं बिलावर लिहून घ्यावीत. बजेट कमी असेल तर सगळ्या गाडीला एनसी मारण्यापेक्षा नुसती टाकी पीयूनं करावी आणि गंजलेल्या चेसीला घासून इपॉक्सी प्रायमर व वरून काळा रंग द्यावा. इपॉक्सी उन्हात भुकटतो, म्हणून तो उघडा ठेवू नये. फवारणी किंवा खत वाहून आल्यावर गाडीवर साधं पाणी मारलं, तरी रंगाचं आयुष्य वाढतं.