पाण्यात सुटणारा इतिहास

शिंप्याच्या जुन्या शिलाई मशीनच्या काळ्या अंगावरची सोनेरी वेलबुट्टी आपण सगळ्यांनी पाहिलेली असते. सिंगरच्या काही मशीनांवर तर इजिप्तचा स्फिंक्स बसलेला असे. ही नक्षी हाताने रंगवलेली नव्हे. ती आधी कागदावर छापायची, कागदावरून मशीनवर उतरवायची आणि वर वार्निशचा हात द्यायचा, अशी रीत होती. अशा उतरवलेल्या चित्राला डिकॅल म्हणतात. गेली काही वर्षे मी या क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूच्या मागे आहे. क्षुल्लक अशासाठी, की ती नेहमी दुसऱ्या कशाच्या तरी अंगावर असते. आणि आपण इतिहास लिहितो तो त्या दुसऱ्या वस्तूचा.

युरोपात हे तंत्र आधी रुजले ते चिनी मातीच्या धंद्यात. १७५६ मध्ये लिव्हरपूलच्या जॉन सॅडलर आणि गाय ग्रीन या दोघांनी प्रतिज्ञापत्र केले, की आम्ही सहा तासांत बाराशेहून अधिक फरशा छापल्या. तेवढ्या वेळात शंभर कुशल चितारी इतके काम करू शकले नसते, असाही त्यांचा दावा होता. पुढे एकोणिसाव्या शतकात चित्रे उतरवण्याचा हा प्रकार घरोघरच्या छंदाचा विषय झाला. त्या वेडाला फ्रेंचवरून ‘डिकॅल्कोमेनिया’ असे नाव पडले. त्याचेच आखूड रूप म्हणजे डिकॅल.

विसाव्या शतकात डिकॅलला नवे घर मिळाले, ते प्लॅस्टिकच्या छोट्या प्रतिकृतींवर. ब्रिटनच्या एअरफिक्स कंपनीने १९५३ मध्ये स्पिटफायर विमानाचा संच बाजारात आणला. एक बहात्तरांश मापाचे हे विमान आजही संग्राहकांमध्ये ‘बीटीके’ म्हणून ओळखले जाते, कारण त्याच्या अंगावरच्या डिकॅलमध्ये ती अक्षरे होती. साच्यातून निघणारी विमाने सगळी सारखी. नाव, देश आणि काळ त्यांना देतो तो डिकॅल. आपल्याकडचेच उदाहरण घ्या. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर हिंदी हवाई दलाच्या स्पिटफायरवरील वर्तुळातला तांबडा ठिपका काढून टाकला होता. जपानी विमानांवरच्या तांबड्या गोळ्याशी गल्लत होऊ नये म्हणून. स्वातंत्र्यानंतर काही काळ तिथे चक्र आले आणि मग केशरी-पांढरे-हिरवे वर्तुळ. नखाएवढ्या चिठ्ठीवर राजवट बदलते.

म्हणूनच जुन्या संचातला डिकॅल तुटला, की एक कागद वाया गेला एवढ्यावर भागत नाही. पण तो तुटतो का? त्याची रचना तीन थरांची असते. खाली कागद, त्यावर पाण्यात विरघळणारा डिंक आणि वर पारदर्शक लाखेच्या पातळ पापुद्र्यासह छापलेली शाई. पाण्यात टाकल्यावर डिंक सुटतो आणि पापुद्रा घसरून बाहेर येतो. वर्षे गेली की पापुद्रा कडक आणि पिवळा होतो व भिजताच त्याचे तुकडे होतात. डिंकही मरतो. आपल्या कोकणासारख्या दमट हवेत तर उलटेच संकट असते. डिंक हवेतलाच ओलावा घेऊन वरच्या कागदाला चिकटून बसतो. शेवटी जे पाण्यासाठी बनवले, त्याला पाणीच मारते.

यावरचे उपाय साधे आहेत, पण त्यांचा क्रम मोडू नये. आधी नको असलेले एखादे चिन्ह कोमट पाण्यात टाकून पाहावे. ते फुटले, तर उरलेल्या पत्रावर पारदर्शक लाखेचा पातळ हात द्यावा आणि पूर्ण वाळू द्यावे. आता सगळ्या पत्राचा एकच पापुद्रा झालेला असतो. म्हणून प्रत्येक चिन्ह कडेला लागून, भिजवण्याआधीच कापावे लागते. पिवळेपणा घालवण्यासाठी काही दिवस उन्हाच्या खिडकीत ठेवतात. मात्र त्याने शाईही फिकी होऊ शकते. डिंक मेलाच असेल, तर तो धुऊन टाकून पाण्यात पातळ केलेला पांढरा गोंद लावावा. प्रतिकृतीचा पृष्ठभाग गुळगुळीत, चकचकीत हवा. खरखरीत रंगावर पापुद्र्याखाली हवा अडकते आणि कडेने चंदेरी डाग उमटतो. शेवटी पापुद्रा मऊ करणारे द्रावण लावले, की त्यावर सुरकुत्या येतात. त्या वेळी बोट लावू नये. त्या आपोआप बसतात आणि चिन्ह रिबिटांच्या ठिपक्यांवर रंगवल्यासारखे दिसते.

इथे संग्राहकांमध्ये दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, मूळ पत्र भिजवणे हा पुरावा नष्ट करण्याचा प्रकार. नवे छापून लावा, जुने जपा. दुसरा म्हणतो, डिकॅल हा लावण्यासाठीच जन्मला. डब्यात पिवळा पडणारा डिकॅल निम्मा मेलेलाच आहे. पहिल्या पक्षाची काळजी मला पटते, निष्कर्ष पटत नाही. मापपट्टी शेजारी ठेवून पत्राचे मोठ्या आकारात स्कॅन करावे, मागचा छापील क्रमांकही टिपावा, आणि मग भिजवावे. चुकीची अक्षरे, चुकीची छटा असली तरी ती तशीच टिपावी. कारखान्याची चूक हीसुद्धा त्या काळाचीच साक्ष असते. दुरुस्त करून लावलेले नवे चिन्ह खऱ्या विमानाबद्दल अधिक अचूक सांगेल, पण १९५३ साली एखाद्या मुलाच्या हातात काय पडले, हे ते सांगणार नाही.

शिलाई मशीनलाही हाच न्याय लागतो. वरचा थर लाखेच्या वार्निशाचा असेल, तर स्पिरिटने तो विरघळतो आणि खालचे सोने चिंधीवर येते. तेव्हा घरातले जुने मशीन उजळायला घेणाऱ्यांनी स्पिरिटची बाटली बाजूला ठेवावी आणि मागच्या कोपऱ्यात आधी तेलाचे बोट फिरवून पाहावे. हात घासून सोने जिथे झिजले आहे, ती जागा तशीच राहू द्यावी. त्या घरात कोण, किती वर्षे शिवत बसले, याची दुसरी नोंद बहुधा कुठेच नसते.