‘गाव’ नावाचे शहर : पाण्याने मापलेले पुणे

१/ कोथरूडला किंवा हडपसरला राहणारा पुणेकर पेठांत निघाला की आजही म्हणतो, ‘जरा गावात जाऊन येतो.’ महानगराचा रहिवासी ज्याला ‘गाव’ म्हणतो ते पायी ओलांडता येणारे, मध्यम आकाराचे शहर कसे घडले? त्याचे माप कोणी ठरवले? आणि ते माप मोडले कधी? #थ्रेड

२/ १७३० मध्ये पहिल्या बाजीरावांनी शनिवारवाड्याची पायाभरणी केली, १७३२ मध्ये वास्तुशांत झाली. सत्तेचे केंद्र येताच कारकून, सावकार, शिलेदार, कारागीर, पुरोहित पुण्याकडे वळले. कसब्याभोवती पेठा उठू लागल्या. नव्या पेठेत वस्ती व्हावी म्हणून सुरुवातीची काही वर्षे करांत सूट दिली जाई. पेठ वसवणे हे त्या काळचे नगरनियोजनच होते.

३/ पेठांची नावे हा या वाढीचा दस्तऐवजच. शनिवार, रविवार, बुधवार ही वारांची नावे. सदाशिवरावभाऊंवरून सदाशिव, नारायणरावांवरून नारायण, नाना फडणविसांवरून नाना, सरदार रास्त्यांवरून रास्ता पेठ. पेठ म्हणजे बाजार, चावडी, देऊळ आणि ओळखीची माणसे. मध्यम शहरात राहणे म्हणजे प्रथमतः आपल्या पेठेत राहणे.

४/ पण केवळ सवलतींवर वस्ती टिकत नाही, तिला पाणी लागते. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजला तलाव बांधून तेथील पाणी जमिनीखालच्या दगडी नळातून शहरात आणले गेले. कात्रज उंचावर, शहर उतारावर. त्यामुळे पाणी कोणत्याही यंत्राविना वाहत येई. वाटेत हवेसाठी उच्छ्वास ठेवले होते.

५/ हे पाणी हौदांत पडे : काळा हौद, बदामी हौद, साततोटी हौद, नाना हौद. हौदापासून घागर घेऊन जितके चालता येईल तितकीच पेठेची सोयीची वस्ती. शहराचे माप असे माणसाच्या पायांनी आणि खांद्यांनी ठरत होते. जुन्या पुण्याचे ‘आटोपशीरपण’ आपण स्वभाव म्हणून मिरवतो, पण त्यामागे पाण्याचा हिशेबही होता.

६/ मात्र, हे पाणी सर्वांचे होते का? नव्हते. शहर ज्यांच्या श्रमांवर चाले त्या अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाला सार्वजनिक पाणवठे बंद होते. १८६८ मध्ये महात्मा जोतीराव फुल्यांनी गंज पेठेतील आपल्या घरचा हौद त्यांच्यासाठी खुला केला. पेठांच्या जिव्हाळ्याच्या आठवणी सांगताना ही नोंद वगळली, तर इतिहास अर्धाच उरतो.

७/ १८१८ मध्ये पेशवाई गेली आणि राजधानीचे पुणे लष्करी छावणीशेजारचे शहर झाले. १८५८ मध्ये रेल्वे आली. त्यानंतरच्या दोन दशकांत मुठेवर खडकवासल्याचे धरण उभे राहिले. हौदाची जागा हळूहळू नळाने घेतली आणि पाण्यापर्यंत चालत जाण्याचे बंधन सैल झाले. नदीपलीकडे वस्ती करणे आता शक्य होते.

८/ तरीही शहराचा जीव पेठांतच होता. एका वाड्यात मालक आणि अनेक बिऱ्हाडकरू, सामाईक चौक, सामाईक नळ, तुटपुंजे भाडे. वाड्याचे सांगाडे लाकडाचे, भिंती बहुधा मातीच्या वा कच्च्या विटांच्या. १९५० मध्ये महानगरपालिका स्थापन झाली. १९६१ च्या जनगणनेत तिच्या हद्दीत सुमारे ६ लाख लोक होते.

९/ त्याच वर्षी, १२ जुलै १९६१, बुधवार. आंबी नदीवरील पानशेत धरणाचे काम पूर्ण झाले नव्हते, तरी त्या पावसाळ्यात पाणी अडवले गेले होते. आदल्या रात्री जवानांनी वाळूची पोती रचून बांध वाचवण्याची शर्थ केली. सकाळी पानशेत फुटले. काही तासांत त्या लोंढ्याने खडकवासलाही फोडले.

१०/ लकडी पूल बुडाला. नदीकाठच्या पेठांत पाणी कित्येक तास उभे राहिले. माती भिजली, भिंती खचल्या, वाडे बसले. प्राणहानी सुमारे एक हजार असे सांगितले जाते, पण आकड्यावर आजही एकमत नाही. आणि दैव पाहा : पुरात बुडालेल्या शहराचे नळ खडकवासला फुटल्यामुळे कोरडे पडले. लोक पुन्हा जुन्या विहिरींकडे वळले.

११/ पुराने घरांबरोबर नातीही हलवली. मालकाकडे निदान जागा उरली. बिऱ्हाडकरूकडे काय उरले? त्याचा हक्क पडलेल्या भिंतींत होता. गोखलेनगर, सहकारनगर अशा भागांत पूरग्रस्तांच्या वसाहती उभ्या राहिल्या. घर मिळाले, पण एका चौकात वाढलेली कुटुंबे शहराच्या वेगवेगळ्या टोकांना गेली.

१२/ पुणे एका पुरामुळे वाढले असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५० च्या दशकातच सुरू झाला होता. १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ आले आणि उद्योगांनी वेग घेतला. वाढ होणारच होती. पुराने जुन्या शहराला तिच्याशी सावकाश जुळवून घेण्याची उसंत दिली नाही.

१३/ २०११ मध्ये महापालिकेची लोकसंख्या ३१ लाखांवर गेली. २०२१ मध्ये आणखी २३ गावे हद्दीत आली. आज खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही चार धरणे शहराला पुरवतात, तरी कडेच्या वस्त्यांत टँकर फिरतात. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्याचा विसर्ग वाढला आणि सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत पाणी शिरले.

१४/ म्हणून ‘पूर्वीचे छोटे पुणे किती छान होते’ एवढ्यावर थांबू नये. ते शहर सोयीचे होते, कारण पाणी, घर आणि काम चालण्याच्या अंतरात होते. आणि अनेकांना त्या अंतरातही मज्जाव होता. शहराचा आकार हा प्रश्न दुय्यम आहे. पाणी कोणापर्यंत पोहोचते आणि चूक झाली की कोणाच्या दारात शिरते, यावरून शहर ओळखावे.

१५/ १९६१ मध्ये जी मुले दहा वर्षांची होती, ती आज पंच्याहत्तरीच्या आसपास आहेत. वाड्यातले बिऱ्हाड, पुराची खूण, नंतर मिळालेली खोली यांच्या बहुतेक नोंदी केवळ त्यांच्या स्मरणात आहेत. आपल्या घरी अशी व्यक्ती असेल तर विचारा, तारीख-वार लिहून ठेवा. आणि शक्य असल्यास ते इथे खाली सांगा.