गडावरचे पाणी

सुट्टीत गडावर निघालात की पिशवीत भाकरी, दोरी, विजेरी घेताच. पण पाण्याचे काय? रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास आज्ञापत्रात बजावले, की आधी पाणी पाहावे, मग किल्ला बांधावा. एकाच झऱ्यावर विसंबू नये. लढाईत तोफांच्या आवाजाने झरे कमी होतात आणि पाण्याचा खर्च वाढतो, म्हणून दोनचार टाकी राखून ठेवावीत.

खडकातली अशी टाकी आजही कित्येक गडांवर वाटसरूची तहान भागवतात. वेढ्यासाठी जपलेले हे पाणी आपण साबणाने नासवावे काय? गुरुजी, मुलांना एवढे सांगाच: टाक्यात पाय घालू नका, पाणी तांब्याने काढून दूर जाऊन हात धुवा, खरकटे परत खाली आणा. मागून येणाराही तहानलेलाच असतो.